रस्त्यापासून पाच मीटरच्या आत

तपासणीला जाताना सकपाळांनी पांढरा शर्ट घालू नये, असं महाडच्या त्या तीन मजली बिल्डिंगमध्ये सगळ्यांचं मत होतं आणि सगळ्यांचं ते सकपाळांना सांगूनही झालं होतं. पण किरण सकपाळ पडले हेडक्लार्क. पांढऱ्या शर्टाशिवाय माणूस अधिकारी दिसत नाही, ही त्यांची एकवीस वर्षांची श्रद्धा. शेवटी तळमजल्यावरच्या सुंदराबाईंनी निदान टोपी तरी न्या म्हणून टोपी दिली. वरच्या मजल्यावरून चार लिंबं आली. शेजारच्या नूतनताईंनी, म्हणजे कन्याशाळेच्या बाईंनी, कॅमेरा दिला आणि त्याच्यासोबत, कुणी न मागता, सल्लाही दिला.

"सकपाळ, तपासणीच्या गावात चहा घ्यायचा नाही. चहा घेतला की माणसाचे डोळे मिटतात."

"चहा घेतल्याशिवाय ह्यांचे उघडत नाहीत," संजीवनीताई, म्हणजे सौ. सकपाळ, स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

सकपाळांनी दोघींकडे दुर्लक्ष केलं. मोठ्या कामाला निघालेल्या माणसाला घरात किंमत नसते, याची त्यांना सवय होती.

काम खरोखरच मोठं होतं. सन दोन हजार दोनची दिवाळी महिन्यावर आली होती. दिल्लीहून दुर्गम भागातल्या बसप्रवाशांसाठी निवारा शेड बांधायला निधी आला होता. तो दिल्लीहून सकपाळांच्या कचेरीत आला, आणि कचेरीतून पोलादपूर तालुक्यातल्या अकरा वाड्यांच्या समित्यांकडे गेला. (कचेरीचं नाव इथे सांगत नाही. तिथली माणसं अजून पेन्शन खाताहेत, त्यांच्या घासात खडा नको.) दिल्लीनं कचेरीवर विश्वास ठेवला, कचेरीनं वाड्यांवर ठेवला, आणि इतका विश्वास ठेवला की तो तपासायला एक माणूस लागतोच. तो माणूस म्हणजे सकपाळ. वाडीनं शेड नेमून दिल्याप्रमाणे बांधली आहे, असं त्यांनी लिहून द्यायचं, वर साहेबांनी सही करायची, आणि ज्या वाडीची सही होणार नाही तिनं शेड उतरवून परत नीट बांधायची, असा सगळा कारभार होता.

सहा शेडी बघून झाल्या होत्या. पहिल्या गावात शेड उत्तम होती, फक्त तिला जाळी आणि जाळीला कुलूप होतं. खराब होऊ नये म्हणून. प्रवासी बाहेर शेडीच्या सावलीत उभे होते आणि तक्रार कुणाचीच नव्हती. दुसऱ्या गावात समितीच्या अकरा सभासदांची नावं इतक्या मोठ्या अक्षरांत रंगवली होती, की गावाच्या नावाला जागा उरली नव्हती. सकपाळांनी प्रत्येक ठिकाणी टेप लावली, रस्त्यापासूनचं अंतर मोजलं आणि 'समाधानकारक' लिहिलं. चहाही घेतला. पण अर्धाच कप, नूतनताईंचा मान राखून.

सातवी वाडी करंजमाची. उमरठकडे जाणाऱ्या गाडीनं सकपाळांना करंजमाची फाट्यावर उतरवलं आणि ती निघून गेली. धूळ खाली बसल्यावर सकपाळांनी बघितलं तर एका बाजूला दरडीची उभी भिंत, दुसऱ्या बाजूला ओढा, मध्ये रस्ता आणि रस्त्यावर ते स्वतः. शेड नव्हती. ते शंभर पावलं मागे गेले, शंभर पुढे गेले. एका वळणापलीकडे डोकावून आले. शेड म्हणजे काही कोंबडी नव्हे, की इकडेतिकडे गेली असेल.

ऑक्टोबरचं ऊन टोपीतून डोक्यात उतरत होतं, तरी सकपाळांना, खरं सांगायचं तर, आतून जरा बरंच वाटलं. एकवीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हाती अफरातफर अशी कधी लागली नव्हती. 'सदर ठिकाणी प्रत्यक्ष पाहणी केली असता निवारा आढळून आला नाही' हे वाक्य त्यांनी मनात तीनदा लिहिलं आणि तिसऱ्यांदा त्यात 'सखेद' हा शब्द घातला. एवढ्यात आभाळातून आवाज आला.

"ओ सायब! वर या, वर! तितं कोन थांबत नाय!"

सकपाळांनी मान वर केली, टोपी मागे पडली. डोंगराच्या सोंडेवर, कावळ्याएवढा, एक माणूस हात हलवत होता.

त्या चढाचं वर्णन सकपाळांनी पुढे बिल्डिंगमध्ये पुष्कळदा केलं आणि दर वेळी चढ थोडा वाढला. पण मूळचाही काही कमी नव्हता. बुटांचे तळवे नवे, गवत वाळलेलं. दोन पावलं वर आणि एक खाली, असा त्यांचा प्रवास चालला. पांढऱ्या शर्टाला कुसळं लागली ती अशी, की लांबून शर्टाला लव फुटल्यासारखं दिसावं. मध्येच टेप पिशवीतून निसटली आणि आपोआप उलगडत उताराला लागली. सकपाळ तिच्यामागे धावले. ज्या म्हशीच्या पायाशी टेप थांबली तिनं सकपाळांकडे अशा नजरेनं बघितलं, की त्यांनी नकळत "माफ करा" म्हटलं.

तेवढ्यात वरचा माणूस खाली आला होता. पन्नाशीचा, काटक, डोक्याला टॉवेल. त्यानं म्हशीला बाजूला केलं, टेप गुंडाळली, पिशवी खांद्याला मारली.

"मी हैबती. समितीचा अध्यक्ष. तुमाला खाली कशाला उतरवलान? डायवरनं सांगायला नको, की मानसं वर असतात?"

"अहो, गाडी खाली थांबते ना?" सकपाळ धापा टाकत म्हणाले.

"गाडी खालीच थांबते की. मानसं वर थांबतात."

आणि सोंडेवर, वाडीच्या तोंडाशी पोचल्यावर सकपाळांना शेड दिसली.

आता इथे सकपाळांच्या बाजूनं एक गोष्ट सांगायला हवी. ते रागानं भरून आले होते, तहानेनं घसा सुकला होता, अधिकारीपणाचं पार भरीत झालं होतं, तरी ती शेड बघून त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "वा!" असा. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, रेषेत बसवलेल्या. वर पत्रा नाही, कौलं. कारण पत्रा सोंडेवरच्या वाऱ्यात एक पावसाळा काढत नाही. सारवलेली जमीन. बसायला दगडी कट्टा, आणि त्याला लागून लहान पोरांसाठी एक बुटका कट्टा. कोनाड्यात पाण्याचा डेरा. आणि दाराशी खांद्याएवढ्या उंचीवर बाहेर आलेला एक चिरा.

"हा कशाला?" सकपाळांनी विचारलं.

"बाय मानूस एकटी आली नि डोक्यावर पाटी आसली, तर उतरवनार कोन? त्याला टेकवली की झालं," हैबती म्हणाला. "चिरे, कौलं समदं डोक्यावरनं आनलं सायब. घरटी येक मानूस, दीड म्हैना."

सकपाळांना बसावंसं वाटलं. ते बसले. पाणी प्याले. वाऱ्यानं शर्ट फुगला. मग त्यांना आठवलं, की आपण अधिकारी आहोत.

"हैबतराव, शेड चांगली आहे. पण ही चालणार नाही. रस्त्यापासून पाच मीटरच्या आत हवी होती. परिपत्रकात स्पष्ट आहे."

हैबतीनं घरून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला कागद आणला. त्यावर बोट ठेवून त्यानं सावकाश वाचलं, "'प्रवासी ज्या ठिकाणी बसची वाट पाहतात, त्या ठिकाणी निवारा बांधण्यात यावा.' आमी हितं वाट बगतो. मंग हितं बांदला."

"ती पहिली अट. सातवी वाचा. पान उलटा."

हैबतीनं पान उलटलं. मागे कोरं होतं.

सकपाळांनी कागद हातात घेतला. उन्हाला धरला. परत उलटला. परिपत्रक दोन्ही बाजूंना छापलेलं होतं, आणि वाड्यांना पाठवायच्या प्रती त्यांनी स्वतः काढून आणल्या होत्या. झेरॉक्सवाला एका बाजूचा रुपया घ्यायचा. 'मागची बाजू कोण वाचतंय', असं म्हणून त्यांनी अकरा रुपये वाचवले होते आणि त्याबद्दल मोठ्या साहेबांनी मीटिंगमध्ये त्यांचं नाव घेतलं होतं. आधीच्या सहा वाड्यांनी न वाचताच रस्त्याला शेड बांधली. एका वाडीनं कागद वाचला, नीट वाचला, आणि त्यात लिहिलं होतं तेच केलं.

"पण वर बसून गाडी कशी मिळते तुम्हाला?" सकपाळांनी क्षीण आवाजात विचारलं.

"बगा आता," हैबती म्हणाला.

शेडीत एव्हाना पाच-सहा माणसं जमली होती. कुणी वाल सोलत होतं, कुणी दोरी वळत होतं. काठावर रंगूबाई बसल्या होत्या, वाडीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या. त्या दरीकडे बघत होत्या. एकदम त्यांनी हात वर केला.

"आली गो! आली!"

सकपाळांनी डोळे ताणले. खोल खाली, दोन डोंगरांपलीकडच्या एका वळणावर एक तांबडा ठिपका सरकत होता. उमरठहून परतणारी गाडी. वाल सोलणारीनं सूप घरात ठेवलं, दोरीवाल्यानं दोरी खुंटीला लावली, आणि सगळी माणसं काही घाई न करता पायवाटेला लागली.

हैबतीनं हिशेब सांगितला. त्या वळणापासून गाडी तीन वाड्या, एक शाळा आणि दोन ओढे करत फाट्यावर येते, तिला पंचवीस मिनिटं लागतात. माणसाला उतरायला वीस. कशेडी घाटात ट्रक आडवा झाला की इकडच्या गाड्याही तास-तास मागे पडतात. फाट्यावर उभं राहिलं तर तो तास फुकट. वर बसलं तर तेवढ्यात म्हशीची धार निघते. आणि पावसाळ्यात फाट्यावरच्या दरडीतून दगड सुटतात, तिथे शहाणा माणूस उभा राहत नाही.

"आणि धुकं असलं म्हणजे?" सकपाळांनी शेवटचा डाव टाकला.

"डायवर त्या वळनावर दोनदा हॉरन देतो. समद्या डायवरांना ठावं हाय."

सकपाळ त्या माणसांबरोबर घड्याळ लावून उतरले. वीस मिनिटं लागली. त्याआधी त्यांनी कॅमेऱ्यातला उरलेला एकुलता एक फोटो काढला होता. बाकीचा सगळा रोल आधीच्या सहा शेडींत आणि त्याआधी नूतनताईंच्या भाचीच्या डोहाळजेवणात संपला होता.

पुढचे दोन दिवस सकपाळ अहवालाचा कागद समोर घेत होते आणि परत बाजूला ठेवत होते. अहवाल खरा लिहिला तर झेरॉक्स उघडी पडणार. खोटा लिहिला तर झेरॉक्स झाकली जाणार, आणि 'वाडीनं अटी धाब्यावर बसवल्या' म्हणून शेड उतरणार. दीड महिना डोक्यावरून नेलेले चिरे! त्यांना तो पाटी टेकवायचा दगड काही केल्या डोळ्यांसमोरून जाईना.

"पाच मीटर लिहून मोकळे व्हा," नूतनताई म्हणाल्या. "दिल्लीहून कोण येतंय मोजायला?"

"ते मोजून आलेत ना," संजीवनीताई म्हणाल्या. "त्यांना आता दुसरं लिहिता यायचं नाही. मी ओळखते." एवढ्या वर्षांत बायकोनं आपल्याबद्दल चारचौघांत चांगलं बोलल्याची सकपाळांना ही पहिलीच नोंद सापडली. त्यांनी उठून अहवाल लिहायला घेतला.

'रस्त्यापासूनचे अंतर (मीटर)' या रकान्यात त्यांनी लिहिलं: 'चालत वीस मिनिटे. बस दिसल्यापासून बस येईपर्यंत पंचवीस मिनिटे. पाच मिनिटे उरतात.' खाली लिहिलं: 'परिपत्रकाची मागील बाजू वाडीस पाठविण्याचे राहून गेले. चूक माझी.' सही केली आणि सही नेहमीपेक्षा बरी आली.

मोठे साहेब अंगानं मोठे, आवाजानं त्याहून मोठे. त्यांनी अहवाल वाचला, झेरॉक्सबद्दल सकपाळांना मेमो दिला आणि फोटो हातात घेतला. फोटोत निवारा आणि बस एकत्र दिसायला हवी, असा नियम होता.

"बस कुठाय?"

सकपाळांनी बोट ठेवलं. साहेबांनी तो तांबडा ठिपका रुमालानं पुसून बघितला.

"सकपाळ, वीस मिनिटं लांबची शेड? उद्या कोणी रायगडावर बांधेल आणि म्हणेल, इथून गाडी दिसते! दिवाळीच्या आत शेड उतरवून खाली बांधायला सांगा."

सकपाळांनी आयुष्यात साहेबांना उलट उत्तर दिलं नव्हतं. त्या दिवशी कुठून बळ आलं कोण जाणे. "साहेब, एकदा येऊन बघा. तुम्ही स्वतः घड्याळ लावा. माणसं गाडीच्या आधी पोचली नाहीत, तर शेड उतरवू."

हे बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण पैजेवर जी शेड लावली ती आपली नव्हेच. दुसऱ्या दिवशी तोंड लपवत त्यांनी हैबतीला गाठून हे सांगितलं, तर हैबती म्हणाला, "त्यात काय सायब? रोज जातोच की."

मंगळवारी साहेब जीपनं फाट्यावर आले. चढायला त्यांना तासाच्या वर लागला. मध्ये चार वेळा बसले; दोन वेळा स्वतःहून, दोन वेळा गवतानं बसवलं. शेडीत पोचले तेव्हा बोलायच्या पलीकडे गेले होते. हैबतीनं ताक दिलं. साहेबांनी दुसरा पेला मागितला, बूट काढले, कट्ट्यावर पाय पसरले, आणि वारा लागल्यावर त्यांच्या तोंडावर जे सुख दिसलं ते बघून सकपाळांना वाटलं, जिंकलो! तेवढ्यात रंगूबाईंचा आवाज आला.

"आली गो! आली!"

साहेब दचकून उठले. घड्याळ लावलं. "मी स्वतः चालणार. सकपाळ, तुम्ही पुढे जा आणि खाली वेळ बघा."

त्या दिवशी पोलादपूरला जाणारे वाडीतले सातजण होते, रंगूबाई धरून. आठवे सकपाळ. सकपाळ त्यांच्याबरोबर उतरले. रंगूबाई डोक्यावर तुपाच्या मडक्याची पाटी घेऊन त्यांच्याही पुढे होत्या. हैबती साहेबांना सोबत करायला थांबला होता, पण साहेबांनी "मला काय धरायला लागतंय?" म्हणून त्याला वरूनच परत पाठवला. आठजण फाट्यावर आले तेव्हा घड्याळात बरोबर वीस मिनिटं झाली होती. पंचविसाव्या मिनिटाला धूळ उडवत गाडी आली. सातजण चढले.

साहेबांचा पत्ता नव्हता.

सव्विसावं मिनिट. सत्ताविसावं. गाडी उभीच. ड्रायव्हर भागोजीनं तर इंजिनच बंद केलं आणि तंबाखू मळायला घेतली.

सकपाळांना पुढचं सगळं दिसलं. साहेब येऊन बघणार, गाडी वेळेबाहेर उभी! म्हणणार, बघा, ह्या वर बसणाऱ्या लोकांसाठी गाड्या रोज अशाच खोळंबतात. शेड तर जाणारच, वर भागोजीलाही मेमो. ते धावत ड्रायव्हरच्या खिडकीशी गेले. "अरे बाबा, जा रे तू! पाया पडतो तुझ्या, वेळेवर जा!"

"जातो, जातो," भागोजी म्हणाला आणि तंबाखू दाढेत धरली. जाण्याचं काही चिन्ह दिसेना.

चौतिसाव्या मिनिटाला साहेब दिसले. एक बूट पायात, एक हातात. तळवा सुटला होता. शर्टावर कुसळं, चेहरा टोमॅटोसारखा. ते गाडीजवळ आले, घड्याळ बघितलं आणि दरीत घुमेल अशा आवाजात ओरडले, "नऊ मिनिटं! नऊ मिनिटं ही गाडी इथे उभी आहे! कोणाच्या परवानगीनं?"

सकपाळांनी डोळे मिटले.

भागोजी खिडकीतून बाहेर वाकला. घाबरला वगैरे नाही. "सायब, अलीकडच्या ओढ्याच्या पुलावरनं ही सगळी पायवाट समोर दिसते. आमी रोज मोजतो, किती मानसं उतरतात ती. आज नऊ दिसली. हितं आलो तर आठच."

"मग?"

"मंग काय? येक यायचं होतं. थांबलो."

साहेबांनी मागे वळून पायवाटेकडे बघितलं, मग हातातल्या बुटाकडे. पलीकडे त्यांची जीप उभी होती. साहेब तिच्याकडे गेले नाहीत. गाडीत चढले. रंगूबाईंनी पाटी मांडीवर घेऊन त्यांना शेजारी जागा करून दिली आणि म्हणाल्या, "बस रे लेका, दम खा." साहेब बसले. सकपाळही चढले. भागोजीनं गाडी सुरू केली, आणि मागून रिकामी जीप येऊ लागली.

पोलादपूर जवळ आलं तेव्हा साहेबांनी हात पुढे केला. सकपाळांनी फॉर्म दिला. 'निवाऱ्याचा लाभ घेणारे प्रवासी' या रकान्यात त्यांनी बसल्या बसल्या 'आठ' असं भरून ठेवलं होतं. साहेबांनी फॉर्म मांडीवर धरला, तो आठ खोडला, तिथे नऊ लिहिला, आणि खाली सही केली.